झानेत्ताचा घोट

व्हेनिस शहर पाण्यात उभं, पण प्यायला थेंब नाही, अशी तिथली गत. चहूकडे खारा समुद्र! म्हणून तिथं चौकाचौकात विहिरी. विहिरी कसल्या, हौदच ते. चौकात पडलेलं पावसाचं पाणी वाळूतून झिरपून खाली साठायचं. वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. किल्ली राखणदाराच्या कमरेला.

फार वर्षं झाली, अशाच एका चौकात झानेत्ता नावाची बाई कावडीनं घरोघर पाणी घालायची. अक्षरशः बारा विहिरींचं पाणी प्यालेली! पाणी कुठल्या चौकाचं, हे ती एका घोटात सांगायची, असं म्हणतात. तो घोट घेतल्याशिवाय ती कुणाच्या दारात कावड उतरवत नसे.

एका हिवाळ्यात भरतीचं पाणी चौकात चढलं. ते ओसरल्यावर झानेत्तानं घोट घेतला आणि थुंकला.

"नासलंय गं बायांनो! समुद्राबरोबर गटारही उतरलंय यात. पोरांना देऊ नका!"

"गप बस!" राखणदार बोर्तोलो खेकसला. "चार दिवसांवर जत्रा आलीय. विहीर बंद केली तर आल्यागेल्याला पाजू काय?"

बाकी कुणाला चव कळेना. लोक प्याले. आठवड्यात सात पोरं गेली.

मग लोकांनी झानेत्ताचे पाय धरले असतील? कुठलं काय! गल्ली तिलाच पाण्यात पाहू लागली. "आम्हाला कळलं नाही, मग हिलाच आधी कसं कळलं?" त्या शहरात भिंतीत दगडी सिंह बसवलेले असायचे. ज्याची चुगली करायची, त्याचं नाव लिहून सिंहाच्या तोंडात टाकायचं. कुणीतरी चिठ्ठी टाकली, झानेत्तानं विहिरीत विष कालवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

पंचांनी तिला विहिरीपाशी उभं केलं. "खरी असशील तर पी हेच पाणी."

तिला मरायचं नव्हतं हो. "प्याले तर मरेन, नाही प्याले तर तुम्ही माराल," ती म्हणाली. "पण मी मेल्यावर तरी झाकण लावाल ना?"

पंचांनी भरलेली बादली तिच्यापुढं सरकवली.

मग ती प्यायला लागली. बादलीमागून बादली, असं म्हणतात, तळाची वाळू दिसेपर्यंत प्याली आणि तिथंच कोसळली. त्याच दिवशी पाऊस आला, विहीर भरली, पाणी गोड लागलं. आणि लोक काय म्हणाले माहितीये? "बघा, विष तिचंच होतं, म्हणून तिनंच परत नेलं!"

पुढं दोन पिढ्या गेल्या, तेव्हा कुठं गल्लीची जीभ ताळ्यावर आली आणि झानेत्ता खरं बोलली होती हे कबूल झालं. आता घरोघर नळ आहेत. तरी दरवर्षी, झानेत्ता गेली त्या दिवशी, घरातली थोरली बाई पहिला घोट स्वतः घेते, "झानेत्ता, गोड आहे" म्हणते आणि मगच पोरांना पाणी देते. मग सगळे चौकात जमतात आणि एकेक घर शपथ घेतं, ती चिठ्ठी आमच्या घरातली नव्हती.

चौकात घरं अकरा. अकराही घरं शपथ घेतात. मग चिठ्ठी काय, त्या सिंहानं लिहिली?