तीन दिवसांच्या श्वासाचा भाव

अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या द्वारकाबाई गुंजाळांनी साठवलेले अडीच लाख घालून घरावर सौर पॅनेल आणि बॅटरी बसवली, तेव्हा गाव हसलं.

पुढे एका वादळात विजेचे खांब आडवे झाले, झाडं पडून रस्ताही बंद झाला. शेजारचे हुसेनभाई शिंपी ऑक्सिजनच्या यंत्रावर जगत होते. बाईंनी त्यांना यंत्रासकट आपल्या घरी आणलं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि तीन दिवस यंत्र क्षणभरही थांबलं नाही.

गावात वीज आली तसे हुसेनभाई पेढे घेऊन बाईंचे आभार मानायला आले. अंगणात माणसं जमली. तीनदा सरपंच राहिलेले व्यंकटराव खुर्चीत रेलून म्हणाले, “बाई, तुमचं बिल यायचं महिन्याला पाचशे. अडीच लाख वसूल व्हायला चाळीस वर्षं लागतील. तोवर तुम्ही असाल का?”

लोक हसले. बाईही हसल्या.

“गणित बरोबर आहे अण्णा, एकच आकडा राहिलाय. हुसेनभाईंच्या तीन दिवसांच्या श्वासाचा भाव तेवढा सांगा. तो वजा करते, मग किती वर्षं उरतात ते बघू.”

आयुष्यभर आपले सदरे शिवणाऱ्या त्या माणसाकडे व्यंकटरावांनी पाहिलं. मग उठून त्यांनी हात जोडले.

“हरलो, बाई. आपल्या गावच्या दवाखान्यावर हे बसवायचं तर कुणाला बोलवायचं?”

बाई नंबर आणायला वळल्या, तोच हुसेनभाईंनी त्यांचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले.