सशिणीची लव

वेळ सकाळची. ठिकाण, नदीकाठच्या एका मठाची पडवी. आदल्या दिवशी एका व्यापाऱ्याने या मठाला सशाची नवजात पिलं दान दिली. रेशमी कापडाची परडी, वाजतगाजत मिरवणूक, व्यापाऱ्याला गुरुजींच्या हस्ते शाल, सगळं यथासांग झालं. आज उजाडताना एक पिलू गार पडलेलं होतं आणि उरलेल्यांची पोटं खपाटीला गेली होती.

शिष्य वातीने त्यांना शेळीचं दूध पाजत होता. पिलं तोंड फिरवत होती. हा शिष्यही मठाला वाहिलेलाच. तान्हेपणी एका इनामदाराने नवस फेडताना त्याला इथे आणून ठेवलं होतं.

"घ्या रे बाळांनो, थेंबभर तरी घ्या," तो विनवत होता. "गुरुजी, यांना रोग तरी कसला झालाय?"

गुरुजींनी परडी उचलली आणि शिष्याला घेऊन थेट व्यापाऱ्याची पेढी गाठली. दाराशी पिंजऱ्यात सशीण होती. गिऱ्हाइकांची पोरं तिला गाजर दाखवून खिदळत होती. आपल्याच छातीची लव उपटून तिने कोपऱ्यात अंथरूण केलं होतं. अंथरुणात कोणी नव्हतं.

"या महाराज! आणखी काही सेवा?"

"ती लव द्या."

"लव?" व्यापारी हसला. "अहो, तो कचरा कालपासून तीनदा झाडला मी. ही पुन्हा उपटते. खोडच आहे तिला!"

गुरुजींनी लव परडीत पसरली. मिटल्या डोळ्यांची पिलं धडपडत तिच्यात शिरली आणि तोंडं उघडून चाचपू लागली. पिंजऱ्यात सशीण जाळीला नाक लावून उभी राहिली. व्यापाऱ्याचं हसू ओसरलं. त्याने पिलं आत सोडली आणि पिंजरा उचलून शिष्याच्या हाती दिला.

परतताना गुरुजी म्हणाले, "तू रोग शोधत होतास. रोग नव्हताच, ताटातूट होती. दुसऱ्याच्या कुशीतून उचलून दिलेलं ते दान नव्हे, ती लूट. आणि लुटीला मी शाल पांघरवली. यांची आई कुठे आहे, एवढं मी विचारायला हवं होतं."

पिंजऱ्यात आता पिलं आईच्या पोटाखाली घुसून पीत होती. शिष्य पाहत उभा राहिला.

"गुरुजी, मला आणलं तेव्हा विचारलं होतंत?"

गुरुजींची पावलं थबकली.

नवसापोटी मठात आणलेलं ते मूल इनामदाराचं नव्हतं. त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचं होतं. ती पुढे कित्येक दिवस मठाच्या दाराशी येऊन बसत असे, हे मठातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. तिला दारातूनच परत कोणी पाठवलं, ते अजून कोणीही सांगितलेलं नाही.