घोडीनं निवडलेली जागा

जांभुळपेठ म्हणजे डोंगरातलं लहानसं बाजारगाव, पण वैशाखातही तिथं पहाटे पांघरूण लागे. त्या गारव्याची कीर्ती ऐकून जहागीरदार बहिर्जीराव आले आणि उन्हाळ्यापुरता दुसरा वाडा बांधायला त्यांनी नेमकी झऱ्याकाठची जागा हेरली. तिथं वाडा झाला, की गावाचं पाणी कुंपणाआड जाणार! पण बोलणार कोण?

शेळ्या राखणारी कोंडाबाई पुढं झाली. "सरकार, याहून गार जागा असली तर?"

"ते तू मला सांगणार? अगं, माझी घोडी तुम्हा सगळ्यांपेक्षा शहाणी आहे. मोहिमेवर छावणीची जागा तीच निवडायची!"

"मग आजबी तिलाच निवडू द्या. ती जाईल तिथं वाडा."

"कबूल!" जहागीरदारांनी गावासमोर मिशीला पीळ दिला.

कोंडाबाईनं घोडीला झऱ्याचं पोटभर पाणी पाजलं आणि लगाम काढला. घोडीनं कान टवकारले, झऱ्याकडे पाठ फिरवली आणि आल्या वाटेनं जी दौडत सुटली, ती थेट जहागीरदारांच्या गावाकडे!

"अरे, हिला झालं तरी काय?"

"काही न्हाई, सरकार. सकाळपासनं तिची कास दुधानं तटतटलीय. शिंगरू घरी बांधून आलात न्हवं? आईला लेकरापाशीच गारवा."

शब्द गावासमोर दिलेला, वाट लांबची आणि घोडी तर पुढं गेलेली. कोंडाबाईनं झऱ्याचा गार तांब्या पुढं केला. बहिर्जीरावांनी तो रिकामा केला आणि पायीच घरची वाट धरली.