प्रसादाचा पॉवर सप्लाय

एकदा एका शिष्याने गुरूने दिलेला प्रसाद संगणकाला जोडला.

शिष्याचं नाव उन्मेष. अभियांत्रिकीचं शिक्षण त्याने मध्येच सोडलं होतं, आणि तेव्हापासून घरातले सगळे त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसे हळू आवाजात बोलत. त्याला अ‍ॅनिमेशन करायचं होतं. एका स्टुडिओने चाचणी म्हणून त्याला समुद्राच्या तळाशी पोहणाऱ्या कासवाची छोटी फिल्म करायला दिली होती. ठरल्या दिवशी ती पोचली आणि पसंत पडली तर नोकरी. नाहीतर जूनमध्ये निमूटपणे पुन्हा कॉलेज. ही अट वडिलांनी घातली होती, पण ती सुचवली होती अप्पांनी.

अप्पा म्हणजे निवृत्त प्राचार्य. दर गुरुवारी त्यांच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून चिंतन चाले. कुणाची मुलगी कुठे द्यायची, कुणी कोणती शाखा घ्यायची, भावाभावांनी वाटणी कशी करायची, सगळं तिथे ठरे. ज्यांना ते आयुष्यभर निस्तरायचं असे, ते बहुधा घरी असत.

कासवाच्या कामाला साधा संगणक पुरणारा नव्हता. म्हणून उन्मेष एकेक भाग पारखून घेऊन घरीच संगणक जुळवत होता. प्रोसेसर झाला, ग्राफिक्स कार्ड झालं. राहिला पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन ती प्रत्येक भागाला सोसेल अशी करून वाटणारी लोखंडी पेटी. कोणता भाग पूर्ण जोरात चालताना किती वीज ओढतो याची बेरीज त्याने केली होती, वर बरीच सैल जागा धरली होती, आणि ज्याची भाराखाली, म्हणजे पूर्ण वीज ओढली जात असताना, तपासणी झालेली आहे असा एक सप्लाय पक्का केला होता. दिसायला काळा ठोकळा. कॅबिनेटच्या तळाशी जाणार, कुणाला दिसणारही नाही.

वडील म्हणाले, अप्पांच्या कानावर घालू आणि मग आणू.

अप्पांच्या कानावर घातलं. अप्पा हसले. त्यांनी आतून तसलीच एक पेटी मागवली. पुढच्या रांगेत बसणाऱ्या संगणकाच्या दुकानवाल्या शेठनी ती गुरुपौर्णिमेला त्यांच्या चरणी ठेवली होती. दुकानात खपत नसलेल्या वस्तू चरणी ठेवण्याची शेठना सवय होती. अप्पांनी ती तळहातावर तोलली, वरचा पाचशे वॅटचा आकडा मोठ्याने वाचला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अन्न कोणत्या भांड्यात शिजलं, हे भूक विचारत नाही, बाळा." मग पेटीवर नारळ ठेवून ती त्यांनी उन्मेषच्या ओंजळीत दिली.

लोकांनी माना डोलावल्या. शेठनी जरा जास्तच डोलावली.

हा सप्लाय माझ्या कार्डाला पुरणार नाही, हे वाक्य उन्मेषच्या ओठांवर होतं. पण चारचौघांत, नारळासकट दिलेली वस्तू परत करायची नसते, हे त्याला चालता येण्याआधी शिकवलेलं होतं. तो वाकला. घरी वडिलांनी पेटीला कुंकू लावलं आणि ती जोडेपर्यंत शेजारी उभे राहिले.

काही दिवस यंत्र छान चाललं. रेखाटनं, रंग, हालचाली, सगळं हलकं काम होतं. मग फिल्मची पक्की चित्रं संगणकाकडून तयार करून घ्यायला सुरुवात केली तेव्हा ग्राफिक्स कार्डाला पहिल्यांदा पूर्ण ताकद लागली. भर दुपारी फट् असा आवाज झाला, जळक्या प्लास्टिकचा वास सुटला आणि पडदा काळा झाला. पेटीने मरताना दोन्ही हार्ड डिस्क बरोबर नेल्या. एकीत फिल्म होती, दुसरीत तिची प्रत.

स्टुडिओने मुदत वाढवली नाही. आई म्हणाली, जाऊ दे, नशीब. वडील म्हणाले, तूच काहीतरी उलटं जोडलं असशील.

पुढच्या गुरुवारी उन्मेष गच्चीवर गेला. सगळे रांगेने पाया पडत होते. त्याची पाळी आली तेव्हा तो वाकला नाही. पेटीचं झाकण त्याने उघडून आणलं होतं. ती तशीच त्याने अप्पांच्या मांडीवर ठेवली. आत चार बारीक वायरी होत्या, थोडे काळवंडलेले भाग होते, आणि तळाला सिमेंटचा एक गोळा चिकटवलेला होता.

"आधी पाया पड," मागून वडील म्हणाले.

"थांबा, बाबा." मग तो अप्पांकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच शेडमधली कुजबुज थांबली. "हा गोळा वजनाला घातलाय. हातात घेणाऱ्याला भरीव वाटावं म्हणून. तुम्हाला वाटलं. पाचशे लिहिलंय, तेही तुम्ही वाचलंत. पण भार आल्यावर ही पेटी किती देते, ते तुम्ही विचारलं नाहीत, कारण भार तुमच्यावर येणार नव्हता. भांडं कोणतं हे भूक विचारत नाही म्हणालात. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवून प्या, अप्पा. पोट विचारेल."

कुणीतरी हसू दाबलं. शेठ घाईने म्हणाले की वस्तू सीलबंद होती, आतलं त्यांना काय ठाऊक.

"तुम्हाला ठाऊक होतं," उन्मेष म्हणाला. "म्हणून तर विकली नाहीत, वाहिलीत."

आता अप्पा काहीतरी सुंदर बोलतील आणि सगळं सावरून घेतील म्हणून लोक पुढे सरसावले. अप्पांनी नखाने सिमेंट खरवडलं.

"सगळीच गेली का रे फिल्म?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"वजनालाच फसलो मी," अप्पा म्हणाले. "आणि तुला चारचौघांत दिलं, म्हणजे तुला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. ते मला चांगलं कळत होतं." मग त्यांनी मान वर करून वडिलांकडे पाहिलं. "जूनचं मला विचारू नका. यातलं मला काही कळत नाही."

वडील उभेच होते. अप्पांनी नाही म्हटल्यावर विचारायला दुसरं माणूस कोण, ते त्यांना सुचेना. त्यांनी शेठकडे पाहिलं, रांगेतल्या लोकांकडे पाहिलं, आणि शेवटी, नजर ठेवायला दुसरी जागाच उरली नाही तेव्हा, मुलाकडे पाहिलं.

"मग तुझं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं.

उन्मेष भांडणाची पुष्कळ तयारी करून आला होता. या प्रश्नाची तयारी त्याच्याकडे नव्हती. तो त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्याने एक खुर्ची ओढून वडिलांना दिली, एक स्वतः घेतली, आणि कासवापासून सांगायला सुरुवात केली.

भार ज्याच्यावर पडणार आहे, त्याला आधी विचारावं.