लव्हाळ्यातून आलेली ओ

डोंगराच्या पोटातल्या एका रानात एक गवा राज्य करीत असे, आणि त्याच्या पाठीवर एक कोतवाल राहत असे. कोतवाल म्हणजे तो काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी. गवा चालला की गवतातून किडे उडत आणि कोतवाल ते टिपत असे. एवढ्यावर त्याचं पोट होतं. अंगात एक कला मात्र मोठी होती. एकदा ऐकलेला आवाज तो हुबेहूब काढायचा, मग तो घारीचा असो की हरिणीचा.

त्या रानाची एक जुनी रीत होती, आणि रीत चांगली होती. सूर्य टेकला की सगळी जनावरं पाणवठ्यावर जमत. म्हातारा वानर जांभळीच्या फांदीवर बसून एकेकाला हाक मारी आणि ज्याची त्याने "आहे!" म्हणून ओ द्यायची. ज्याची ओ आली नाही त्याचं काय झालं, ते राजाने सर्वांसमोर सांगायचं. सांगितल्याशिवाय राजाने पाण्याला तोंड लावायचं नाही. राजा झाला म्हणून काय झालं, तहान त्यालाही लागते.

एका उन्हाळ्यात गव्याला नवी वाट काढायची हौस आली. जुनी वाट टेकडीला वळसा घालून पाणवठ्याकडे यायची. मधे लव्हाळ्याची दलदल होती, ती वरून सुकून भेगाळली होती. "इथून निम्मं चालणं वाचेल," गव्याने जाहीर केलं. "मी स्वतः पाय ठेवून पाहिलाय." पाय काही त्याने ठेवला नव्हता. पाठीवर बसणाऱ्याला ते ठाऊक होतं. पण पाठीवर बसणारे बोलतात कधी? दुसऱ्या सकाळी चार रानडुकरं आणि तीन हरिणी हौसेने सगळ्यांच्या आधी निघाली. मधोमध गेल्यावर वरचा पापुद्रा फुटला. गवा काठावर उभा राहून बघत होता. सातही गेली. थोडे बुडबुडे आले आणि मग कोणी हात फिरवावा तसा चिखल गुळगुळीत झाला.

"आता संध्याकाळी काय सांगणार, महाराज?" कोतवालाने विचारलं.

"मी कशाला सांगू? तू ओ दे. सातांचे आवाज येतात ना तुला?"

"मेलेल्यांची ओ देऊ?"

"तुझं पोट माझ्या पाठीवर आहे, विसरू नकोस."

झालं. संध्याकाळी गव्याने सांगितलं की दलदलीच्या पलीकडे कोवळं गवत उगवलंय, ते राखायला सात जणांना तिकडेच ठेवलंय, ती तिकडूनच ओ देतील. आणि वाट ओली आहे, तूर्त कोणी त्या बाजूला जाऊ नये. वानराने हाक मारली. लव्हाळ्यात लपलेल्या कोतवालाने सात वेळा चोच उघडली. सात गळ्यांतून "आहे" आलं. वारा पडलेला होता, पान हलत नव्हतं, आणि त्या सपाट चिखलावरून ते आवाज सरपटत आल्यासारखे आले. काठावरचा बगळा उडून गेला तो पुन्हा आला नाही.  ओ आली म्हणजे जनावर आहे, एवढंच त्यांना ठाऊक. गवा पोटभर पाणी प्याला.

असं रोज चाललं. पण त्या तिघी हरिणींतल्या धाकटीची एक थोरली बहीण होती. ती हजेरी संपली तरी जाईना. लव्हाळ्याच्या कडेला उभी राहून विचारी, "धाकटे, बरी आहेस ना गं?"

"आहे," कोतवाल आतून म्हणे. काय करणार?

"गवत कसं आहे तिकडचं?"

"आहे."

"आहे आहे काय लावलंयस मेले! राणीसाहेब झालीस होय? आक्काशी दोन शब्द बोलायला जड होतंय?"

रोज ती एक पाऊल पुढे यायची. कोतवालाची झोप उडाली. किडा चोचीत धरला तरी गिळवेना. त्याच्या गळ्यात सात जण येऊन बसल्यासारखे झाले होते. आपल्या आवाजात शीळ घालायला जावं तर डुकराचं गुरगुरणं बाहेर पडे. "महाराज, ती हरिणी आत येणार," त्याने गव्याला सांगितलं. गवा शेपटीने माश्या वारत म्हणाला, "आली तर आठवी ओ दे."

त्याच संध्याकाळी हरिणीने विचारलं, "एवढं तरी सांग, परत कधी येणार?" आणि लव्हाळ्यातून आवाज आला, "आक्का, पाय निघत नाही गं!"

ही धाकटीची शेवटची किंकाळी होती. कोतवालाने ती ऐकली होती, गळ्यात दाबून ठेवली होती. आपण चोच उघडली की नाही, हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही. हरिणी मात्र धावली. तिसऱ्या उडीला ती गुडघ्यापर्यंत रुतली, चौथीला पोटापर्यंत. कोतवाल तिच्या तोंडावर झेपावला, नाकावर चोची मारू लागला.

"बाजूला हो! माझी बहीण हाक मारतेय!"

"ती नाही, मी आहे!" कोतवाल ओरडला. किती दिवसांनी त्याचा स्वतःचा कर्कश आवाज बाहेर आला होता. "सगळे आवाज माझे! ती केव्हाच बुडाली. माघारी फिर, बाई, माघारी!"

हरिणी कशीबशी लव्हाळ्यांना रेटा देत काठावर आली. तिने अंगावरचा चिखल झटकला. मग म्हणाली, "उद्या हजेरीला ये. आणि तोंड बंद ठेव."

दुसऱ्या संध्याकाळी वानराने धाकटीला हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. पाणवठा इतका गप्प झाला की मासा वळलेला ऐकू यावा. कोतवाल वानराशेजारी उघड्यावर बसला होता, चोच मिटून.

"कोतवाल!" गवा गुरगुरला.

"त्याला कशाला हाक मारता, महाराज?" हरिणी म्हणाली. "ओ धाकटीची हवी आहे."

मग वानराने बाकीच्या सहांना हाका मारल्या. सहाही हाका चिखलावर जाऊन पडल्या. गव्याने इकडे तिकडे पाहिलं. "मला कोणी कळवलंच नाही. ओ हे पाखरू देत होतं, त्याला विचारा. मी राजा, मी काय चिखल तपासत फिरू?" असं म्हणून तो पाण्याकडे निघाला. तर पाण्यापुढे जनावरं उभी होती. ससे, साळिंदर, हरिणी, आणि ज्या रानडुकरिणीचे चार भाऊ गेले होते ती. शिंग मारलं असतं तर अर्धी मेली असती. कोणी हललं नाही.

"रीत काय आहे, महाराज?" वानर वरून म्हणाला. "आधी सांगायचं, मग प्यायचं."

गवा रात्रभर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं, जीभ बाहेर आली, तेव्हा तो बोलला. "मी पाय ठेवून पाहिला नव्हता."

"आणि?" रानडुकरीण म्हणाली.

"आणि ती सातही बुडताना मी काठावर होतो."

"आणि मी पाठीवर होतो," कोतवाल म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. हरिणीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

जनावरं बाजूला झाली. गवा प्याला, खूप प्याला; तहान खरीच होती. मान वर केली तेव्हा काठ रिकामा होता. एकटा वानर फांदीवर बसला होता.

"बाकीचे कुठे गेले?"

"चरायला."

"कोणाच्या मागे?"

"रानडुकरिणीच्या," वानर म्हणाला. "ती स्वतः पुढे असते. प्रत्येक पाऊल हुंगते, मग टाकते."

तात्पर्य : राजाही चुकतो, आणि कबूल केलेली चूक रयत एखादवेळेस सोसते, पण चूक झाकणारा राजा रोज नवा बळी मागतो. त्याला पाण्यापुढे अडवावं, आणि त्याच्यासाठी खोटी ओ देणाऱ्यानेही आपण निर्दोष आहोत असं समजू नये.