सगुणेनं जुंपून पाहिलेला टेम्पो

एक होता कुंभार धोंडिबा आणि एक होती त्याची कुंभारीण सगुणा. बाजाराला नेताना त्यांची निम्मी मडकी फुटायची, मग पोरं अर्धपोटी निजायची. म्हणून दोघं विजेवरचा टेम्पो घ्यायला गेली.

मोठा टेम्पो म्हणाला, "मी दगडांची रास ओढतो."

धाकटा म्हणाला, "मावशी, मी बाजाराला जाऊन माघारी येईन. त्यापुढं माझ्यात वीज उरत नाही."

"मोठाच घेऊ. चार लोकांत शोभेल," धोंडिबा म्हणाला.

"आपल्याला बाजाराला जायचंय, धनी, वरातीला नाही."

बैल घेताना जुंपून बघतात, तशी सगुणेनं दोघांतही मडकी भरून फेरी मारायला लावली. दगडांसाठी घडवलेल्या मोठ्याच्या ताठ पाठीवर मडकी उडाली नि फुटली. धाकट्यावरची धड उतरली.

धोंडिबानं धाकट्याला कुंकू लावलं. तेव्हापासून एकूण एक मडकं बाजार बघू लागलं, आणि त्या घरात दोन्ही वेळेला चूल पेटू लागली.