रिकामं मोजणं

“...मग आता अडचण कसली, सर? तुमचा खेळ कुठल्याही यंत्रावर चालेल. तुम्ही फक्त हो म्हणा.”

हर्डीकर सर नदीकडे बघत बसले.

विचारणारा शार्दूल बेंद्रे. सरांचाच विद्यार्थी, आता चाळिशीला टेकलेला. जुने कॉम्प्युटर गेम शोधायचे, ते नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतील असे करायचे आणि विकायचे, हा त्याच्या कंपनीचा धंदा. विंडोजवर जम बसला होता. आता मॅक आणि लिनक्सवाल्या गिऱ्हाइकांकडे जायचं होतं, आणि त्यांच्यासाठी पहिला खेळ त्याने सरांचा निवडला होता.

सर पूर्वी नगरला कॉम्प्युटरचा क्लास चालवत. बायको गेली तरी बरीच वर्षं चालवला. मग एक दिवस कुलूप घातलं आणि टोक्याला, नदीच्या घाटावरच्या एका ओवरीत येऊन राहिले. फारसं बोलत नसत, म्हणून गावातले लोक त्यांना महाराज म्हणू लागले. आपल्याकडे माणूस नुसता गप्प बसला तरी कोणीतरी हार घेऊन येतंच. सरांनी हार परत करून पाहिले. त्याने लोकांची श्रद्धा आणखीच वाढली.

घाटाच्या वर, रस्त्याकडेला, शार्दूलची गाडी उभी होती. गाडीत त्याची आई बसली होती. डिकीत आईची ट्रंक होती. नगरचं घर बंद करून तो तिला संभाजीनगरच्या वृद्धाश्रमात पोचवायला निघाला होता. टोके वाटेतच पडतं. जाता जाता सरांचं काम उरकून घेऊ, असा त्याचा हिशेब.

आभाळ भरून होतं. पाऊस मात्र पडत नव्हता. धरणाचं पाणी घाटावर चढलं होतं आणि खालच्या बऱ्याच पायऱ्या त्यात बुडाल्या होत्या.

“दाखव,” सर म्हणाले.

शार्दूलने लॅपटॉप दगडी कट्ट्यावर ठेवला.

खेळाचं नाव ‘शेवटची खेप’. एक नावाडी आहे. संध्याकाळ होतेय. अंधार पडायच्या आत या काठावरची माणसं त्या काठाला न्यायची, बस्स. चित्रं जाडजूड चौकोनांची, रंग मोजकेच. ती सगळी सरांच्या बायकोने, कुमुदताईंनी काढलेली. एके काळी हा खेळ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत नगर जिल्हाभर फिरला होता.

“बघा, सर. एक चौकोन इकडचा तिकडे झालेला नाही. वल्ह्याचा आवाजसुद्धा तोच.”

शार्दूल सराईतपणे खेळला. पहिली खेप, दुसरी खेप. पडद्यावर तांबूस उजेड पसरला. शेवटच्या खेपेची माणसं नावेत चढली. तेवढ्यात घाटाच्या वरच्या पायरीवर एक म्हातारी दिसली, हातात काठी.

नाव सुटली. म्हातारी लहान लहान होत गेली. मग अक्षरं आली... अभिनंदन! सगळे पोचले.

“सगळे?” सरांनी विचारलं.

“म्हणजे?”

“ती?”

“कोण, ती म्हातारी?” शार्दूल हसला. “ती आता वरच राहते, सर. त्याने काही बिघडत नाही. तिचे गुण नव्हतेच कधी.”

“एरर आली होती?”

“एकही नाही!” हे सांगताना त्याची छाती जरा फुगली. “पहिल्याच फटक्यात चाललं.”

सर पडद्याकडे बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत.

“का राहते वर?”

“सांगतो ना.” शार्दूल मांडी घालून नीट बसला. शिकवायची संधी मिळाली की शिष्याला फार बरं वाटतं, त्यातून समोर गुरू असेल तर विचारूच नका. “तुम्ही शेवटच्या खेपेला एक रिकामा लूप घातला होता. एकापासून मोजत जायचं. मोजायचं फक्त, बाकी काही करायचं नाही. तेवढा वेळ नाव काठाला थांबायची आणि म्हातारी उतरून येऊन बसायची.”

“हं.”

“नवा कंपायलर फार हुशार आहे, सर. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवताना तो आधी सगळा वाचतो. ज्या कामातून काहीच निष्पन्न होत नाही, ते गाळून टाकतो. तुमचं मोजणं त्याने वाचलं... काही उपयोग दिसेना. गाळलं.”

“तुला विचारलं त्याने?”

“विचारत नाही. आपोआप होतं.”

“तू तरी गाळलं नाहीस?”

“नाही, सर. खरं सांगतो, मी हातसुद्धा लावला नाही.”

“मग कोणी गाळलं?”

“कोणीच नाही.”

सरांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

“परत घालता आलं असतं,” शार्दूल घाईने म्हणाला. “पण आम्ही लोकांना खेळायला देऊन बघितलं. चार सेकंद नाव हलली नाही, की लोक बंद करतात. आता कोणी कोणासाठी थांबत नाही, सर. तो काळ गेला.”

“वर गाडीत कोण आहे?”

शार्दूल गडबडला. “आई.”

“खाली नाही आणलीस?”

“तिला या पायऱ्या कुठल्या जमणार? गुडघे गेलेत. अर्धा तास लागेल उतरायला. आणि पाचच्या आत संभाजीनगर गाठायचंय... तिथलं ऑफिस बंद होतं.”

“कसलं ऑफिस?”

आता सांगणं भाग होतं. शार्दूलने सांगितलं. नगरच्या घरात ती दोनदा पडली होती. पुण्याचा त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट महिन्यातून पंधरा दिवस बंद. तो आणि बायको सकाळी बाहेर पडतात ते रात्री उगवतात. आश्रम चांगला आहे, डॉक्टर येतात, बाग आहे. एकही शब्द खोटा नव्हता. तरी सांगताना तो सरांकडे बघत नव्हता.

“बायको नको म्हणाली?”

“नाही, नाही. ती काहीच म्हणाली नाही.”

“आई?”

“तीसुद्धा नाही.”

“तू?”

शार्दूलने लॅपटॉपचं झाकण उगाच थोडं मागे-पुढे केलं. “कोणी ठरवलं असं नाही, सर. तसंच होत गेलं.”

“आपोआप,” सर म्हणाले.

पाण्यात कोणीतरी सोडलेली फुलं पायरीला येऊन लागली होती, कुजलेली.

“क्लासला यायचास तेव्हा,” सर म्हणाले, “बाहेर जिन्यावर कोणीतरी बसून असायचं. गव्हाची पिशवी घेऊन. गिरणीत जाताना.”

“आईच.”

“काय करायची तिथे बसून?”

“काही नाही. माझा क्लास सुटायची वाट बघायची.”

“हं... काही नाही.”

शार्दूलचा चेहरा उतरला. पण तो धंद्यातला माणूस. त्याने बोलणं पुन्हा मूळ मुद्द्यावर आणलं.

“सर, ती म्हातारी एवढी महत्त्वाची आहे का? कोण होती ती?”

“कुमुद.”

“पण... कुमुदताई तर तेव्हा पस्तिशीच्याही नसतील.”

“नव्हतीच. आम्ही इथे आलो होतो एकदा, सहलीला. खेळ जुळवत होतो. ती म्हणाली, शेवटी एक म्हातारी हवी. मी म्हटलं, म्हातारीला उतरायला किती वेळ लागतो, ते मला कसं कळणार? तर वर गेली. माझी छत्री घेतली काठी म्हणून. कमरेत वाकली आणि एक एक पायरी उतरत आली. ओरडून म्हणाली, ‘मोजा! मी म्हातारी झाले ना, की अशीच उतरेन!’”

“आणि तुम्ही मोजलंत.”

“मोजलं.”

शार्दूलने विचारू नये ते विचारलं. “मग... तशा उतरल्या का नंतर?”

“म्हातारी व्हायला वेळ कुठे मिळाला तिला?”

सर पडद्यावरच्या वरच्या पायरीकडे बघत होते. एवढीशी आकृती, मोजून मापून सात-आठ चौकोन. कुमुदताईंचं म्हातारपण जगात तेवढंच होतं, आणि आता ते वरच्या वर राहिलं होतं.

शार्दूल मान खाली घालून बसला. मनापासून लाजला तो. मग कसलीशी चाहूल लागून त्याने वर पाहिलं.

घाटाच्या वरच्या पायरीवर त्याची आई उभी होती. गाडीतून उतरून आली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. हाक मारत नव्हती. पाय कुठे टेकावा ते बघत होती.

“अगं, कशाला उतरलीस!” शार्दूल ताडकन उठला.

“आधार द्यायला उठलास?” सरांनी विचारलं. “की परत फिरवायला?”

शार्दूल उभा राहिला तसाच उभा राहिला. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमेना.

“...परत फिरवायला.”

“मग बस.”

तो बसला.

हार विकणारी एक बाई पायऱ्यांवर होती. तिने म्हातारीला हात दिला. म्हातारी आधी काठी टेकवायची. मग डावा पाय. मग उजवा त्याच पायरीवर आणायची. मग थांबायची. मग पुन्हा काठी. शार्दूलने एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं. मग त्याने घड्याळाचा हात पाठीमागे नेला. आई इतकी हळू चालते हे त्याला माहीत होतं, पण ते असं सबंध त्याने कधी पाहिलंच नव्हतं. दर वेळी तो पुढे निघून जायचा आणि गाडी घेऊन यायचा.

शेवटी ती खाली पोचली. धापा टाकत होती, पण चेहरा खुलला होता.

“ओळखलंत का, सर?”

“या, बेंद्रेबाई. ओळखलं. गव्हाची पिशवी.”

ती हसली. पिशवीतून डबा काढून तिने सरांच्या पुढ्यात ठेवला. “शेंगदाण्याची चटणी आहे. नगरच्या घरातलं शेवटचं कुटलेलं. आता काही कुटायला मिळेल असं वाटत नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “वहिनी गेल्या तेव्हा मला यायला झालं नाही. राहूनच गेलं.”

सरांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि मांडीवर ठेवला.

आईचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं. “हा तोच ना रे खेळ? नावेचा?” ती वाकली. “ही बाई वरच राहिली की.”

शार्दूलने पडदा जरासा तिरका केला.

“शार्दूल, तुझं काम झालं का?” ती म्हणाली. “झालं असेल तर चल बाबा. मला चढायला वेळ लागेल. पाचच्या आत पोचायचं म्हणालास ना? माझ्यापायी तुला उशीर नको.”

शार्दूलला एकदम भरून आलं. त्याने लॅपटॉप मिटला. मग त्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला,

“सर, ते मोजणं मी परत घालतो. कंपायलर गाळणार नाही असं घालतो. मॅकवर, लिनक्सवर, सगळीकडे. म्हातारी नावेत आल्याशिवाय नाव सुटणार नाही. लोकांनी बंद केला तर करू देत.”

सर ऐकत होते.

“पण आकडा कुठला घालू? तुमचा आकडा त्या जुन्या यंत्राचा. नव्यावर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत संपेल. आणि ताई तर आता...”

तो अडखळला. “किती मोजू, सर?”

सरांनी पायऱ्यांकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत. मग आईच्या पावलांकडे पाहिलं.

“आईंचा हात धर,” ते म्हणाले. “वर जाताना मोज.”